व्यापारनामाचे रक्षण : धाराशिव जिल्ह्यातील नावांच्या आधारे एक शब्दार्थविचार

भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. मिठाईच्या व्यापारात मात्र हेच नाव खव्याशी जोडले गेले आहे. या टापूत भट्टीवर दूध आटवून केलेला खवा बहुधा सुटाच विकला जातो. त्याला वेष्टन नसते आणि वेष्टनावरचे चित्र वा अक्षरही नसते. तो कुंथलगिरीचा आहे हे सांगणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द. हाच शब्द दुसऱ्या कोठल्याही मालाला लावला गेला, तर घेणाऱ्यापाशी खरेखोटे पारखण्याचे साधन उरत नाही. मूळ उत्पादकाच्या भट्टीपुढील श्रमांचे मोल तिसऱ्याच्या पदरात पडते. शिवाय तो तिसरा माल हलका निघाल्यास त्याचा बट्टा मूळ नावालाच लागतो. लहान व्यावसायिकाचे नुकसान असे दुहेरी असते.

व्यापारनामाचे रक्षण हा विषय सामान्यतः विधिशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. तथापि अशा वादांत न्यायालयापुढे येणारे प्रश्न पाहिले, तर ते बहुतांशी भाषेचे प्रश्न असल्याचे दिसून येते. दोन शब्द सारखे आहेत असे केव्हा म्हणावे? साम्य अर्थाचे पाहावे की ध्वनीचे? एखादा सामान्य शब्द एकाच माणसाची खूण केव्हा होतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला असून, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी अशी अपेक्षा आहे. कायदा नावाच्या व्युत्पत्तीचे किंवा सौंदर्याचे रक्षण करीत नाही. ग्राहकाच्या स्मृतीत नाव आणि कर्ता यांच्यामध्ये जो संबंध दृढ झालेला असतो, त्याचेच तो रक्षण करतो. लहान व्यावसायिकाने नाव निवडताना, वापरताना आणि राखताना या तत्त्वाकडे दुर्लक्ष केले, तर पुढे कोणताही कायदा त्याला पुरेसा उपयोगी पडत नाही.

१. योग, रूढी आणि योगरूढी

भारतीय शब्दशास्त्राने शब्दांचे जे वर्ग केले, त्यांतील तीन येथे विशेष उपयोगी आहेत. ज्याचा अर्थ घटकांवरून निघतो तो यौगिक शब्द. ‘पाचक’ म्हणजे शिजविणारा. ज्याचा अर्थ घटकांवरून निघत नाही, केवळ संकेताने ठरतो, तो रूढ शब्द. ज्याच्या घटकांतून अर्थ निघतो, परंतु त्या अर्थाच्या अनेक वस्तूंपैकी एकीवरच जो स्थिरावला आहे, तो योगरूढ शब्द. ‘पंकज’ हे त्याचे परंपरेने दिले जाणारे उदाहरण होय. चिखलात पुष्कळ गोष्टी जन्मतात, परंतु पंकज म्हणजे कमळच.

व्यापारचिन्हांच्या कायद्यातील नावांची प्रतवारी याच धर्तीची आहे. १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या नवव्या कलमानुसार मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, हेतू, किंमत किंवा उत्पत्तिस्थान एवढेच सांगणारे शब्द सामान्यतः नोंदले जात नाहीत. ‘ताजा खवा’ किंवा ‘शुद्ध दूध डेअरी’ ही नावे केवळ यौगिक आहेत. ती मालाचे वर्णन करतात, मालकाची ओळख देत नाहीत; आणि वर्णनाचे शब्द एकाने अडवून ठेवले, तर इतरांना आपल्या मालाविषयी खरे बोलणेही कठीण होईल. याउलट घडविलेला निरर्थक शब्द, किंवा मालाशी काहीही संबंध नसलेला सार्थ शब्द, हा व्यापारात रूढ शब्दाप्रमाणे वागतो. त्याचा त्या व्यापारातील अर्थ मालकानेच घडविलेला असतो आणि म्हणून त्याला संरक्षणही सर्वांत भक्कम मिळते.

या दोहोंमधील प्रांत योगरूढीचा आहे. नाव मूळचे वर्णनपर असले, तरी दीर्घ आणि एकनिष्ठ वापराने ते एकाच कर्त्यावर स्थिरावले, म्हणजे नवव्या कलमातील अपवाद लागू होतो व नोंदणी मिळू शकते. विधिज्ञ याला दुय्यम अर्थ म्हणतात. शब्दशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा अर्थ दुय्यम नव्हे. रूढी योगाला मागे सारते, हे जुने तत्त्वच येथे न्यायालयाने मान्य केलेले असते. फरक इतकाच की, व्याकरणात रूढीला पुरावा लागत नाही. न्यायालयात तो लागतो. किती वर्षे वापर झाला, किती विक्री झाली, ग्राहक त्या नावाने कोणाला ओळखतात, हे सर्व कागदोपत्री दाखवावे लागते.

रूढीची एक उलट गतीही आहे. नाव अतिप्रसिद्ध होऊन वस्तूचेच सामान्यनाम बनते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या ‘डालडा’ या नावाने पुढे मराठी घरांत कोणतेही वनस्पती तूप ओळखले जाऊ लागले. छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणणे हा त्याचाच प्रकार होय. अमेरिकेत ‘ॲस्पिरिन’ हे नाव १९२१ च्या निर्णयाने सर्वांसाठी खुले झाले, कारण सामान्य ग्राहक ते औषधाचेच नाव समजत होता. नाव कमी माहीत असणे जसे धोक्याचे, तसे ते कर्त्यापासून सुटून वस्तूला चिकटणेही धोक्याचे असते.

२. कान आणि अपुरी स्मृती

साम्य कशावरून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय न्यायालयांनी स्वातंत्र्योत्तर काळात क्रमाक्रमाने दिले, आणि त्यातील युक्तिवाद भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत.

१९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘ग्लुकोविटा’ आणि ‘ग्लुविटा’ या नावांचा वाद आला. पहिले नाव जीवनसत्त्वयुक्त ग्लुकोजच्या भुकटीचे, दुसरे बिस्किटांसाठी मागितलेले. मधले ‘को’ हे एक अक्षर गळल्याने नाव वेगळे झाले असे म्हणता येईल काय? न्यायालयाने साधारण बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मृतीचा माणूस हा मापदंड मानला. असा माणूस दोन नावे शेजारी ठेवून तोलीत नाही. पूर्वी ऐकलेल्या नावाची अंधुक आकृती मनात बाळगून तो दुकानात येतो. त्या आकृतीत आरंभ, शेवट आणि एकूण लय एवढेच टिकते. मधले अक्षर गळून जाते. ज्या भाषेतील शब्द त्या भाषेशी अपरिचित लोकांपुढे असेल, तेथे तर हे अधिकच घडते. म्हणून ही दोन नावे गोंधळ उत्पन्न करणारी ठरली.

१९६२ च्या ‘अमृतधारा’ खटल्यात व्युत्पत्तीचा प्रश्न सरळच पुढे आला. प्रतिस्पर्धी औषधाचे नाव ‘लक्ष्मणधारा’ होते. एक अमृताची धारा आणि दुसरी लक्ष्मणाची; अर्थ अगदी निराळे, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही. खेड्यातील बेसावध ग्राहक नावाचा विग्रह करून समासाचे अर्थ लावीत बसत नाही. तो संपूर्ण नावाच्या घडणीवर आणि ध्वनीवर जातो, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. अर्थात्, व्यापारात पदविग्रहाला स्थान नाही. त्याच निर्णयाचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘लक्ष्मणधारा’ हे नाव प्रामाणिकपणे दीर्घकाळ वापरात होते आणि पहिल्या पक्षाने ते माहीत असूनही पुष्कळ काळ हरकत घेतली नव्हती. म्हणून उत्तर प्रदेशापुरती त्याची नोंदणी मान्य करण्यात आली. मौन हेही भाषेत अर्थपूर्ण असते. नावाच्या बाबतीत त्याचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो.

१९६९ साली ‘श्री अंबाळ’ आणि ‘श्री आंडाळ’ या तपकिरीच्या नावांचा निर्णय झाला. अंबाळ ही देवी, आंडाळ ही वैष्णव संत; श्रद्धाळू माणसाच्या मनात या दोहोंचा गोंधळ होण्याचे कारण नाही. परंतु ध्वनीच्या दृष्टीने पाहिले, तर दोन्ही नावांत स्वर, त्यामागून अनुनासिक व घोष स्पर्श यांचा संयोग, नंतर दीर्घ ‘आ’ आणि शेवटी पार्श्विक व्यंजन अशी एकच चौकट आहे. फरक मुख्यतः मधल्या जोडाक्षराच्या उच्चारस्थानाचा. एक ओष्ठ्य, दुसरा मूर्धन्य. साम्य डोळ्याप्रमाणे कानानेही पाहिले पाहिजे असे म्हणून न्यायालयाने दुसऱ्या नावाची नोंदणी नाकारली. १९९९ च्या अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमाने हे तत्त्व कायद्यातच घातले असून, शब्दरूप चिन्हाचा भंग केवळ लेखनाने नव्हे, तर उच्चाराने देखील होऊ शकतो असे तेथे म्हटले आहे. सुटा खवा विकणाऱ्यासाठी या तरतुदीचे मोल किती आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र डोळ्याची साक्षही गौण नव्हे. १९७२ मध्ये पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद निकालात निघाला. एका वेष्टनावर गायी-कोंबड्यांमध्ये पाण्याचे भांडे नेणारी मुलगी होती, तर दुसऱ्यावर गायी-कोंबड्यांमध्येच डोक्यावर गवताचा भारा घेतलेली. तपशील वेगळे असूनही एकूण ठसा एकच पडत असल्याने नक्कल सिद्ध झाली. चित्राचेही एक व्याकरण असते, आणि अपुरी स्मृती त्यातील तपशील नव्हे, तर रचना धरून ठेवते.

३. दैवत, आडनाव आणि गाव

धाराशिव जिल्ह्यातील दुकानांची, खानावळींची व डेअऱ्यांची नावे पाहिली, तर त्यांपैकी पुष्कळ तीन कुळांतील आढळतील. ती दैवतावरून, आडनावावरून किंवा गावावरून पडलेली असतात. नाव ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही तिन्ही आपुलकीची असतात. रक्षणाच्या दृष्टीने मात्र तिन्ही दुबळी आहेत.

तुळजापूर हे भवानीचे क्षेत्र असल्याने तेथे देवीच्या नावाने व्यवसाय सुरू होणे स्वाभाविकच आहे. परंतु जे नाव सर्वांच्या श्रद्धेचे, ते एकाच्या मालकीचे करता येत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी मागितलेले ‘रामायण’ हे नाव याच कारणाने नाकारले. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणाही एका व्यापाऱ्याला एकाधिकार सांगता येणार नाही असे ठरले. दैवताच्या नावाला एखादा विशिष्ट शब्द वा आकृती जोडून घडविलेले संयुक्त चिन्ह नोंदले जाऊ शकते. तथापि त्या चिन्हातही बळ असते ते जोडलेल्या भागाचे, दैवतनामाचे नव्हे.

आडनावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. स्वतःचे नाव स्वतःच्या धंद्याला प्रामाणिकपणे लावण्याचा हक्क अधिनियमाचे पस्तिसावे कलम राखून ठेवते. परंतु आडनावही योगरूढ होते. ‘किर्लोस्कर’ हे मूळचे किर्लोस या गावावरून पडलेले आडनाव. त्यातील ‘कर’ प्रत्यय केवळ गाव सांगतो. नांगरापासून इंजिनापर्यंतच्या मालामुळे ते उद्योगसमूहाचे नाव झाले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने या नावाला असे विशेषत्व आल्याचे मान्य केले, आणि व्यक्तीला असलेला स्वनामाचा हक्क कंपनीला तसाच मिळत नाही, कारण कंपनी आपले नाव निवडून घेते, असा भेद केला. जन्माने मिळालेले नाव आणि निवडलेले नाव यांतील हा भेद नामशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

गावाच्या नावाचा दुबळेपणा दुहेरी असतो. ते उत्पत्तिस्थान सांगत असल्याने एकट्याला नोंदता येणे कठीण. आणि ते एकमेव असतेच असे नाही. वाशी हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे आणि नवी मुंबईतील उपनगरही. देवनागरीत दोन्ही नावे एकरूप आहेत. रोमन लिपीत पहिले बहुधा ‘डब्ल्यू’ने आणि दुसरे ‘व्ही’ने लिहून भेद साधला जातो. कळंब नावाचा तालुका येथे आहे तसा यवतमाळ जिल्ह्यातही आहे.

त्यातच जिल्ह्याच्या नावाचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. निजामी राजवटीत रूढ झालेले उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. प्रशासनातील नाव एका अधिसूचनेने बदलते. परंतु मालाला चिकटलेले विशेषण तसे बदलत नाही. काळ्या रंगाची व जुळ्या करडांसाठी नावाजलेली शेळीची जात आजही ‘उस्मानाबादी’च म्हटली जाते, कारण ते विशेषण आता गावाचा निर्देश करीत नसून गुणसमुच्चयाचा करते. ज्या व्यावसायिकांच्या पाटीवर जुने नाव आहे, त्यांनी ते बदलायचे की ठेवायचे हा त्यांचा प्रश्न आहे. परंतु बदल करावयाचा झाल्यास जुन्या नावाने मिळविलेली ओळख नव्या नावाकडे वाहून नेण्याची तजवीज करावी लागते. काही काळ दोन्ही नावे जोडीने न वापरल्यास मधली रिकामी जागा नकलाकाराला सापडते.

या तिन्ही कुळांतील नावांचा दुबळेपणा व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतो. म्हणूनच पाट्यांवर ‘जुने’, ‘मूळ’, ‘असली’, ‘सुप्रसिद्ध’ ही विशेषणे येतात आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य अवतरते. हे वाक्य म्हणजे नावाच्या रक्षणाचा लोकांनी शोधलेला उपाय होय. परंतु विशेषण तर नकलाकारालाही लावता येते; आणि सर्वच ‘मूळ’ झाले, म्हणजे ‘मूळ’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

४. षष्ठीचा हक्क

मग गावाच्या नावाचे रक्षण होऊच शकत नाही काय? होऊ शकते, परंतु एकट्यासाठी नव्हे. ‘कुंथलगिरीचा खवा’ या प्रयोगातील षष्ठी कोणा एका मालकाची नसून भूमीची आहे. तिथले दूध, तिथली भट्टी आणि तिथल्या हातांची सवय या सर्वांचा संबंध ती सांगते. असा संबंध जपण्यासाठी १९९९ मध्येच मालाच्या भौगोलिक निर्देशांचा स्वतंत्र अधिनियम झाला व तोही १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नई येथे आहे. ज्या मालाची गुणवत्ता, कीर्ती वा अन्य वैशिष्ट्य मुख्यतः त्याच्या भौगोलिक उगमामुळे आहे, त्याचे नाव उत्पादकांच्या संघाला किंवा तत्सम संस्थेला नोंदता येते. शेजारच्या सोलापूरची चादर या मार्गाने लवकरच संरक्षित झाली. अलीकडच्या वर्षांत कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवड्यांची माळ यांनाही हे मानांकन मिळाले आहे.

कवड्यांच्या माळेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. कवडी समुद्रातली, तुळजापूर समुद्रापासून दूर, बालाघाटाच्या डोंगरात. तरीही माळ तुळजापूरची, कारण तिला जो अर्थ आहे तो शिंपल्यातून आलेला नसून भवानीच्या उपासनेतून आणि ती माळ गुंफणाऱ्यांच्या परंपरेतून आलेला आहे. उगम म्हणजे केवळ कच्च्या मालाचा उगम नव्हे, अर्थाचाही उगम होय.

व्यापारचिन्ह विकता येते, दुसऱ्याच्या नावे करता येते. भौगोलिक मानांकन मात्र विकता किंवा गहाण टाकता येत नाही. गावाचे नाव गावापासून तोडता येऊ नये हाच त्यामागील हेतू आहे. दोहोंची नोंदणी दहा वर्षांची असून पुढे नूतनीकरण करावे लागते. परंतु येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. मानांकन मिळाले म्हणजे त्या भागातील प्रत्येक उत्पादकाचे काम संपले, असे नाही. संघाच्या नावे झालेल्या नोंदणीनंतर प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावयाची असते. भंग झाल्यास दावा करण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला व अशा वापरकर्त्यालाच असतो. २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या संस्थेच्या सादरीकरणात कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दिसल्या, तेव्हा मोठा क्षोभ झाला. परंतु त्यावर मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका टिकली नाही, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. नावाविषयीचा अभिमान सर्वांना असू शकतो. दाव्याचा अधिकार नोंदीतूनच येतो.

५. लिपी, संगणक आणि तोतयेगिरी

नकलेचे क्षेत्र आता पाटीवरून पडद्यावर आले आहे, आणि तेथे लिपीचे प्रश्न नव्याने उभे राहतात. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारनामाप्रमाणे संरक्षण आहे असा निर्णय दिला. त्या वादातील ‘सिफी’ हे नाव दोन्ही पक्षांकडे होते. एकाच्या रोमन लेखनात ‘एफ’ एकदा, दुसऱ्याच्या लेखनात दोनदा. यंत्राच्या दृष्टीने हे दोन भिन्न पत्ते झाले. कानाच्या दृष्टीने नाव एकच. देवनागरीत लिहिले, तर भेद मुळीच राहत नाही.

मराठी नावांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. एकाच ‘भवानी’चे रोमन लेखन ‘व्ही’ने होते तसे ‘डब्ल्यू’नेही, ‘भूम’मधील दीर्घ उकार एका ‘यू’ने लिहितात तसा दोन ‘ओ’ंनीही, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद तर रोमनमध्ये बहुधा लुप्त होतो. एका देवनागरी नावाला अशी चार-पाच रोमन रूपे संभवतात, आणि मालकाने एकच घेतले, तर उरलेली तोतयासाठी मोकळी राहतात. देवनागरीतही साम्याचे सापळे आहेत. ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ यांच्या जोडीसारखे दिसू शकते; प्रमाण लेखनात त्याचा पाय जोडून लिहिण्यामागे हेच कारण आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गफलत लहान पडद्यावर सहज होते. २०१४ पासून ‘.भारत’ या अंत्यपदासह देवनागरीत संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागल्याने या गोष्टींना व्यावहारिक महत्त्व आले आहे.

पैसे चुकते करण्याच्या क्यूआर कोडचा विचार चिन्हशास्त्राच्या दृष्टीने करण्यासारखा आहे. हे असे नाव आहे की, जे मनुष्याच्या डोळ्याला वाचता येत नाही आणि कानाला ऐकू येत नाही. ते फक्त यंत्र वाचते. म्हणूनच दुकानातील कोडवर दुसरा कोड चिकटविण्याची फसवणूक शक्य होते. ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर पैसे घेणाऱ्याचे नाव उमटते, तेव्हाच हे चिन्ह पुन्हा मानवी भाषेत येते. पाटीवर एक नाव आणि खात्यावर निराळे नाव असेल, तर ग्राहकाला त्या क्षणी पडताळा पाहता येत नाही. पाटी, पावती आणि खाते या तिन्ही ठिकाणी एकच नाव असणे ही तोतयेगिरीविरुद्धची सर्वांत स्वस्त तटबंदी होय.

संगणकीय साधनांनी दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळविणे इष्ट असते, कारण पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. आणखी एक फसवणूक खुद्द नोंदणीच्या इच्छेवर जगते. अर्जदारांची नावे जाहीर होत असल्याने शासकीय वाटावे अशा मथळ्याची व मुद्रेची पत्रे पाठवून शुल्क मागितले जाते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेही अशा पत्रांविरुद्ध इशारे दिले आहेत. नाव वाचविण्यासाठी निघालेला माणूस तोतया कार्यालयाच्या नावाला बळी पडावा, हा दैवदुर्विलास होय.

६. नाव निवडणे आणि राखणे

आतापर्यंतच्या विवेचनातून व्यवहाराचे काही निष्कर्ष निघतात. पहिला निवडीचा. मालाचे, गावाचे किंवा दैवताचे नाव ठेवण्याचा मोह झाला, तरी त्याला एखादा अनपेक्षित, उच्चारास सोपा आणि मालाशी संबंध नसलेला शब्द जोडावा. तो मोठ्याने उच्चारून पाहावा, घाईत उच्चारल्यावर त्याचे काय होते ते ऐकावे, आणि त्याची देवनागरी व रोमन रूपे एकदाच ठरवून घ्यावीत. त्यानंतर व्यापारचिन्ह कार्यालयाच्या जाहीर नोंदींत तो कोणी घेतलेला तर नाही हे शोधावे. शोध घेताना केवळ अक्षरे न जुळविता सारखे ऐकू येणारे शब्दही पाहावेत.

दुसरा निष्कर्ष नोंदणीचा. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात. माल आणि सेवा मिळून पंचेचाळीस वर्ग आहेत. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी संगणकाद्वारे अर्ज केल्यास ४,५०० रुपये शुल्क ठेवले, इतरांना ९,०००. अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. म्हणून ही पत्रिका अधूनमधून चाळणे, हेही नाव राखण्याचेच काम आहे. नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी नावापुढे वर्तुळातील ‘आर’ ही खूण लावता येत नाही. नोंदणीचा एक मोठा लाभ लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने असा की, नोंदलेल्या चिन्हाचा भंग झाल्यास तो जेथे व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. भूमच्या माणसाला नकलाकाराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

तिसरा निष्कर्ष पुराव्याचा. नोंदणी नसली म्हणून सर्व संपले असे नव्हे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्धचा जुना उपाय अधिनियमाने कायम ठेवला आहे. २००१ मध्ये अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन’ या छायाचित्र व्यवसायाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने तो लहान व्यावसायिकालाही तत्परतेने मिळाला पाहिजे असे स्पष्ट केले. आधीचा वापर हा त्या उपायाचा प्राण होय. पुण्यातील ‘बर्गर किंग’ या नावाच्या खाद्यगृहाविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. खाद्यगृहाचा वापर १९९२ च्या सुमारापासूनचा, तर कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१४ मधले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी जिल्हा न्यायालयाने हा दावा फेटाळला. पुढे डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या ओघात खाद्यगृहाला त्या नावाचा वापर करण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. वादाचे हे हेलकावे पाहता, तारीख असलेली पहिली पावती, पहिली जाहिरात, पहिला परवाना हे कागद जपून ठेवणे किती मोलाचे आहे हे कळून येते. लहान माणसाजवळ मोठ्याला उत्तर देण्यासाठी बहुधा एवढेच असते.

चौथा निष्कर्ष जागरूकतेचा. ‘अमृतधारा’च्या निर्णयाने दाखविल्याप्रमाणे, नक्कल कळल्यावर गप्प राहणाऱ्याचा हक्क काळाबरोबर झिजत जातो. लेखी हरकत, आणि ती निष्फळ ठरल्यास दावा, यांत दिरंगाई करू नये.

उपसंहार

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य की सांकेतिक, हा वाद भारतीय शब्दशास्त्रात जुना आहे. व्यापारनामाच्या क्षेत्रात त्याचे उत्तर निःसंशय आहे. येथे संबंध सांकेतिक असतो आणि तो रोजच्या व्यवहाराने टिकवावा लागतो. खव्याचा प्रत्येक घाण नीट उतरला, म्हणजे ‘कुंथलगिरी’ या शब्दाच्या अर्थात भर पडते. त्या शब्दाखाली एक हलका घाण खपला, म्हणजे अर्थ तितका उणा होतो. कायदा हा अर्थ निर्माण करू शकत नाही. निर्माण झालेला अर्थ दुसऱ्याने पळवू नये एवढेच तो पाहू शकतो, आणि तेही मालकाने वेळेवर हाक मारली तर. भट्टीपुढे बसणाऱ्याला शब्दशास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी त्याच्या पाटीवरील दोन शब्दांकडेही अभ्यासाचा विषय म्हणून पाहावयास हवे. कारण त्या दोन शब्दांवर एका कुटुंबाचा चरितार्थ अवलंबून असतो.